अवधानाचे अध्यापन : रॉड डीडो यांची पंचेचाळीस वर्षे
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या गृहस्थांविषयी मी आज बोलणार आहे त्यांनी एका विद्यापीठाची पंचेचाळीस हंगाम चाकरी केली, आणि त्या चाकरीचा मोबदला म्हणून, नेमणूक दफ्तरी कायम राहावी एवढ्यापुरता, सालिना एक डॉलर घेतला. त्यांचे नाव राऊल मार्शल डीडो. परंतु उभी अमेरिका त्यांना रॉड डीडो या नावानेच ओळखत असे. १७ फेब्रुवारी १९१४ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे त्यांचा जन्म झाला, आणि ५ जानेवारी २००६ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षात, कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथे त्यांचे देहावसान झाले. लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे ते १९४२ पासून १९८६ पर्यंत प्रशिक्षक होते, आणि त्या मुदतीत त्या संघाने अकरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. कोणत्याही एका प्रशिक्षकाच्या हातून इतकी विजेतेपदे महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये त्यापूर्वी घडली नव्हती आणि त्यानंतर आजपावेतो घडलेली नाहीत.

क्रिकेटवर पोसलेल्या आपणा मंडळींना या खेळाची तोंडओळख करून देणे प्राप्त आहे, पण ती दोन वाक्यांत आटोपते. दोन्ही संघांना प्रत्येकी नऊ डाव मिळतात, आणि प्रत्येक डावात तीन खेळाडू बाद झाले की फळी बदलते. घड्याळाचा या खेळावर अंमल नाही, म्हणून शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत कोणताही सामना कायद्याने हरलेला नसतो. ही दुसरी गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा मला उपयोग करावयाचा आहे. विद्यापीठाच्या संघाची आणखी एक अडचण अशी, की त्याचा खेळाडू मुळात विद्यार्थी असतो आणि फार तर चार वर्षे राहून पदवीच्या वाटेने निघून जातो. शिवाय १९६५ पासून व्यावसायिक संघांनी होतकरू तरुणांची वार्षिक निवड सुरू केल्यावर, उत्तम खेळाडू तर पदवीपूर्वीच हिरावला जाण्याची धास्ती प्रत्येक प्रशिक्षकाच्या मागे कायमची लागली. व्यावसायिक संघाचा चालक एकदा जमविलेल्या गुणी मंडळींवर दहा वर्षे निभावून नेऊ शकतो. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला मात्र दर शरद ऋतूत अर्धाकच्चा संघ हाती घेऊन पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणूनच, एखाद्या वर्षीचे विजेतेपद हे खेळाडूंचे कर्तृत्व म्हणता येईल, पण तीस वर्षांवर पसरलेली अकरा विजेतेपदे हे अध्यापनाचेच फळ मानावे लागते.

डीडो यांचे शालेय शिक्षण हॉलिवूड हायस्कूलमध्ये झाले, आणि पुढे ते याच विद्यापीठाच्या संघातून १९३५ पर्यंत खेळले. त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघात, केसी स्टेंगेल यांच्या हाताखाली, त्यांचा प्रवेश झाला. पण अवघे दोन सामने त्यांच्या वाट्याला आले, आणि पाठीच्या दुखण्याने खेळाडू म्हणून त्यांचा मार्ग लवकरच बंद केला. एखादा दुसरा तरुण अशा आघाताने आयुष्यभर कण्हत बसला असता. डीडो यांनी पाचशे डॉलरांच्या भांडवलावर मालवाहतुकीचा धंदा उभारला, तो सचोटीने भरभराटीस आणला, आणि विद्यापीठाचे जुने प्रशिक्षक सॅम बॅरी हे दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या कामगिरीवर रुजू झाले तेव्हा त्यांची रिकामी जागा बदली म्हणून सांभाळली. युद्ध संपून बॅरी परतले, तरी या बदली माणसाला त्यांनी दूर केले नाही; दोघांनी मिळून संघ चालविला, आणि १९४८ मध्ये मिशिगनमधील कॅलामझू येथे येल विद्यापीठाचा पराभव करून पहिले राष्ट्रीय विजेतेपद जोडीने मिळविले. त्या येल संघाचा कर्णधार जॉर्ज बुश नावाचा तरुण होता. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १९५० मध्ये बॅरी निवर्तले आणि सारी जबाबदारी एकट्या डीडो यांच्यावर आली.

यानंतरचे विजेतेपद १९५८ चे आहे. मध्ये दहा वर्षे गेली, या गोष्टीकडे चरित्रे लिहिणाऱ्यांचे लक्ष फारसे जात नाही. माझे मात्र तेथेच अडते. आज ज्या संस्था तीन वर्षांत फळ न दिसल्यास प्रशिक्षकाच्या हाती निरोपाचा कागद ठेवतात, त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे डीडो यांची कारकीर्द सुरू होण्यापूर्वीच संपली असती. विद्यापीठाने वाट पाहिली आणि त्यांनी ती दहा वर्षे एक पद्धत सिद्ध करण्यात घालविली.

ती पद्धत कोणती? मैदानावर घडणाऱ्या चुकांचे त्यांनी दोन वर्ग केले होते. चेंडू हातातून निसटला, फेक दोन हात बाहेर गेली, फटका हुकला, ही झाली शरीराची चूक. ती देवादिकांच्याही हातून व्हावयाची, आणि तिच्याबद्दल डीडो कोणाला कठोर शब्द बोलत नसत. परंतु किती खेळाडू बाद झाले आहेत याचे भान न राहणे, चेंडू आपल्याकडे आला तर कोठे फेकावयाचा याचा विचार तो येण्यापूर्वीच करून न ठेवणे, बेसवरून, म्हणजे धाव पुरी करण्यासाठी गाठावयाच्या टप्प्यांवरून, धावताना पुढच्या क्षेत्ररक्षकाकडे न पाहणे, ही मनाची चूक. आणि तिला त्यांच्या दरबारात माफी नव्हती. दरबार हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. सामन्यानंतर संघाची लुटुपुटीची कचेरी भरे, आरोप वाचले जात, आणि बेसावध राहिलेल्याला दंड होई. सारे हसतखेळत चाले, पण ज्याचा कान पकडला जाई त्याच्या ध्यानात तो प्रसंग जन्मभर राही. एकच चूक दोनदा करू नये असे सर्वच गुरू सांगतात. डीडो यांची मागणी त्याहून अवघड होती. त्यांचे म्हणणे असे, की चूक पहिल्यांदाही होता कामा नये, कारण दुसऱ्याच्या हातून ती घडताना तुम्ही पाहिलेली असते, आणि पाहिलेले असूनही ज्याने बोध घेतला नाही तो खेळाकडे लक्ष देत नव्हता हे त्यातच सिद्ध झाले.

श्रोतेहो, मला या माणसाची थोरवी दिसते ती येथे. बाहुबल, दृष्टीची तीक्ष्णता, पायांतील वेग ही ईश्वरी देणगी आहे आणि ती कमी-अधिक प्रमाणात वाटलेली असते. अवधान मात्र शिकविता येते, आणि ते शाळेतील गणिताइतक्याच नेटाने, रोज, कंटाळा न करता शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले. प्रत्येक विद्यार्थ्याला ते 'टायगर' म्हणून हाक मारीत. प्रत्येकाला वाघ म्हणणे आणि प्रत्येकाकडून विद्यार्थ्याची सावधानता मागणे, या दोहोंत त्यांना विसंगती वाटत नव्हती, आणि मलाही ती वाटत नाही.

या शिकवणीची खरी रुजुवात १९७३ च्या जून महिन्यात ओमाहा येथे झाली. नेब्रास्का राज्यातील या शहरी १९५० पासून राष्ट्रीय विजेतेपदाचे सामने होतात. आठ संघ जमतात, आणि त्या काळी दोनदा हरणारा घरी जाई. उपान्त्य टप्प्यावर डीडो यांच्या संघाची गाठ मिनेसोटाशी पडली, आणि मिनेसोटाचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, होता डेव्ह विनफिल्ड. हा साडेसहा फूट उंचीचा तरुण असा अष्टपैलू होता, की त्याच वर्षी बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या तिन्ही खेळांतील व्यावसायिक संघांनी त्याच्यावर हक्क सांगितला होता. त्याने आठ डावांत डीडो यांच्या फलंदाजांची अशी दाणादाण उडविली, की पंधरा जणांना त्याने केवळ फेकीने बाद केले, आणि नववा डाव सुरू झाला तेव्हा फलक मिनेसोटा सात, दक्षिण कॅलिफोर्निया शून्य असा होता. तीन खेळाडू बाद होण्याचा अवकाश, की सामना संपला. त्या एका डावात दक्षिण कॅलिफोर्नियाने आठ धावा केल्या आणि सामना आठ विरुद्ध सात असा जिंकला. थकलेल्या विनफिल्डला मध्येच फेकीवरून काढून क्षेत्ररक्षणाला धाडावे लागले होते. तरीही त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान विनफिल्डलाच मिळाला, आणि तो यथायोग्यच होता. पुढच्या सामन्यात ॲरिझोना स्टेटला चार विरुद्ध तीन असे नमवून डीडो यांनी विजेतेपद घेतले.

या प्रसंगाला चमत्कार म्हणण्याचा प्रघात आहे, तो मला मान्य नाही. सात धावांनी मागे असलेला संघ एका फटक्यात काही मिळवू शकत नाही. त्याला एकेका फलंदाजाने केवळ पहिला बेस गाठावयाचा, वाईट फेकीला हात लावावयाचा नाही, आणि आपल्यामागून येणाऱ्याला संधी ठेवावयाची, एवढेच करता येते. अधीर माणसाच्या हातून नेमके हेच होत नाही. आठ डाव मानहानी सोसूनही नवव्या डावात ज्या मुलांना आपले पुढचे काम काय ते स्पष्ट दिसत होते, त्यांना ते पाहण्याची सवय कोणीतरी वर्षानुवर्षे लावली होती. १९७० च्या अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटविरुद्ध याच संघाने नऊऐवजी पंधरा डाव खेळून दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला होता. १९७२ चा अंतिम सामना तर एक विरुद्ध शून्य असा सुटला. १९७० ते १९७४ अशी लागोपाठ पाच विजेतेपदे या संघाने घेतली. डीडो यांचा संघ एकूण बारा वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि त्यांपैकी एकदाच, १९६० मध्ये, हरला. तोही मिनेसोटाकडून, दहाव्या डावात, एका धावेने. कारकिर्दीचा एकंदर जमाखर्च १३३२ विजय, ५७१ पराजय आणि ११ बरोबरी असा आहे, म्हणजे शंभरांतील सुमारे सत्तर सामने त्यांनी जिंकले.

शिष्यांची नामावळी मोठी आहे. टॉम सीव्हर हा पिचर त्यांच्याकडे आला तेव्हा त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. डीडो यांनी त्याला आधी अलास्कातील फेअरबँक्स येथे एका उन्हाळी संघात खेळावयास धाडले, आणि तेथे तो कसास उतरल्यावरच विद्यापीठाची शिष्यवृत्ती दिली. तो पुढे व्यावसायिक क्षेत्रात ३११ सामने जिंकणारा पिचर झाला. डेव्ह किंगमन पिचर म्हणून आला होता, त्याचा त्यांनी फलंदाज केला. फ्रेड लिन फुटबॉलसाठी आला आणि बेसबॉलचा होऊन राहिला. मार्क मॅग्वायर आणि रँडी जॉन्सन हे अखेरच्या वर्षांतील. आलेल्या मुलाने स्वतःविषयी जी कल्पना करून घेतली असेल ती अंतिम न मानणे, हाही शिक्षकाचा धर्म आहे.

आता त्या एका डॉलरकडे वळतो. धंद्याच्या उत्पन्नामुळे डीडो यांना विद्यापीठाच्या पगाराची गरज नव्हती, आणि त्यामुळे कोणत्याही अधिकाऱ्याची मर्जी राखण्याचे त्यांना कारण नव्हते. हे स्वातंत्र्य त्यांच्या यशाचे एक मोठे अंग होते असे मी मानतो. परंतु त्यावरून शिक्षकाने बिनपगारी राबावे असा निष्कर्ष जो कोणी काढील तो अन्याय करील. ज्याच्या घरी मालवाहतुकीचा धंदा नाही अशा शिक्षकाला निर्भयता हवी असेल तर ती त्याला पुऱ्या वेतनातून आणि नेमणुकीच्या शाश्वतीतूनच मिळावयास हवी, आणि ती देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

यशाचे माप केवळ विजेतेपदांनी घ्यावे काय, हाही प्रश्न मला टाळता येत नाही. फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन यांनी १९८० ते २०१९ अशा चाळीस हंगामांत २०२९ सामने जिंकले, म्हणजे डीडो यांच्याहून जवळजवळ सातशे अधिक. सतरा वेळा त्यांनी आपला संघ ओमाहास नेला, आणि सतराही वेळा विजेतेपदाविना परत आणला. या माणसाला अयशस्वी म्हणण्याची माझी जीभ धजत नाही. चाळीस वर्षांत एकदाही राष्ट्रीय स्पर्धेतील पात्रता न गमावणारा प्रशिक्षक हा थोर शिक्षकच होय, आणि या दोघांची तुलना करू पाहणाऱ्याने आधी दोघांनाही नमस्कार करावा.

डीडो यांच्याही वाट्याला उतरती कळा आली. १९७८ च्या अकराव्या विजेतेपदानंतर त्यांच्या संघाला ओमाहाचे दर्शन पुन्हा घडले नाही. देशातील इतर विद्यापीठे तोवर जागी झाली होती, आणि स्पर्धा कठीण झाली होती. तरी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये, जेथे बेसबॉल प्रदर्शनीय खेळ म्हणून होता, अमेरिकेच्या संघाचे नेतृत्व त्यांच्याकडेच आले, आणि अंतिम सामन्यात जपानकडून हार पत्करून तो संघ दुसरा आला. ज्या जपानशी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून डीडो यांनी महाविद्यालयीन खेळाचे नाते जोडले होते, त्याच जपानने त्यांना हरवावे, यात मला त्यांच्या कार्याचा गौरवच दिसतो.

या परंपरेचा एक धागा आपल्या देशापर्यंतही आला आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू, ज्यांनी तोवर बेसबॉल हातीही धरला नव्हता, एका स्पर्धेतून निवडले जाऊन याच विद्यापीठात टॉम हाउस यांच्याकडे शिकले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाने त्यांना करारबद्ध केले. ते टॉम हाउस विद्यार्थिदशेत डीडो यांच्याच संघाचे पिचर होते.

१९८६ मध्ये डीडो निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा माइक गिलेस्पी यांना मिळाली. १९६१ च्या विजेत्या संघात गिलेस्पी विद्यार्थी म्हणून खेळले होते. १९९८ मध्ये त्यांच्या शिकवणीखाली दक्षिण कॅलिफोर्नियाने बारावे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या वेळी डीडो चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.