'फॉरेस्ट' म्हणजे झाडं नव्हेत
(शिबिरातलं भाषण)



गार्ड म्हणतो, "ही फॉरेस्टची जमीन आहे." हा शब्द विलायतेचा. तिथं त्याचा अर्थ काय होता, तो ऐका.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्याला हरणाच्या शिकारीचा भारी नाद. त्यानं मोठे मुलूख 'फॉरेस्ट' ठरवले. आत गावं होती, शेतं होती, माळ होता. झाडं असोत नसोत, राजाचा शिकारीचा कायदा जिथं लागू ते फॉरेस्ट! रान तोडून शेत केलं, तर त्याला नाव 'असार्ट'. राजाच्या जागेत झोपडी, कुंपण घातलं तर 'परप्रेस्चर', म्हंजे आपलं अतिक्रमणच. कुत्रं हरणामागं धावू नये म्हणून त्याच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटायची. नाही छाटली तर मालकाला तीन शिलिंग दंड.

सरदारांचं बंड झालं. मग ६ नोव्हेंबर १२१७ला, १० वर्षांच्या हेन्री राजाच्या नावानं 'फॉरेस्टची सनद' निघाली. हरीण मारलं म्हणून कुणाचा जीव घ्यायचा नाही, हातपाय तोडायचे नाहीत. आपल्या रानातला मध आपला. रानात डुकरं चारायची, त्याला 'पॅनेज' म्हणत. वहिवाटीत लाकडाचा हक्क होता, 'एस्टोव्हर्स'. घराला, नांगराला, कुंपणाला, चुलीला, दर कामाच्या लाकडाला वेगळं नाव.

आता मोळीवाल्या बायांनी नीट ऐकावं. त्या सनदेत लिहिलंय, गाडीवाल्या व्यापाऱ्यानं वाटेचा कर द्यावा. पण पाठीवर लाकूड, साल, कोळसा वाहून विकणाऱ्याकडून फॉरेस्टरनं काही घ्यायचं नाही. राजाचं खासगी रान तेवढं सोडून. आठशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण आहे, आणि आपल्याकडं नाक्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक.

सनद सगळ्यांची होती असं मात्र नाही. ती 'स्वतंत्र माणसा'ची. जमीनदाराचं बांधील कूळ त्यात नव्हतं. पुढं पार्लमेंटनं कायदे करून तिथली गायरानंसुद्धा कुंपणात घातली.

त्याच इंग्रजांनी इथं १८७८ला आणि मग १९२७ला जंगल कायदा केला. १९२७च्या कायद्यात कलम ६ आहे. जंगल राखीव करण्याआधी आसपासच्या गावागावांत लोकांच्या भाषेत नोटीस लावायची, दाव्याला निदान तीन महिने द्यायचे. दावा मांडला नाही, तर कलम ९नं हक्क बुडाला.

तर पुढच्या बैठकीआधी एवढं करा. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, ती नोटीस कधी लागली, कुणी वाचली, दवंडी झाली का. जे सांगतील ते तारखेसकट, माहीत असेल तेवढं, वहीत लिहून आणा.