पस्तीस वेळा सोलापूर

माझा धाकटा भाऊ जेद्दाला नोकरीला गेला तेव्हा अम्मीनं मला विचारलं, "किती लांब असेल रे?" मी बी.ए. झालेला, म्हणजे घरात भूगोल माझ्याकडे. मुंबईहून हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, असं मी सांगितलं. तिला ते कळेना. उमरग्याहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. मग म्हटलं, पस्तीस वेळा सोलापूर. एस.टी.चे अडीच तास धरून तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे साडेतीन दिवस." विमान पाच तासांत पोचतं, यावर तिचा विश्वास बसला नाही. तिचे अब्बा हजला बोटीनं गेले होते. मुंबई-जेद्दा हाजींची बोट 1995 पर्यंत चालली. तिच्या लेखी समुद्र म्हणजे दिवस मोजत बसणं.

या प्रवासात घड्याळही फसवतं. आपली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, सौदीची पंचेचाळीसची. मध्ये साडेसदतीस अंश. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून अडीच तासांचा फरक. संध्याकाळी पश्चिमेला निघालेल्या विमानातून मावळतीचा सूर्य बराच वेळ दिसत राहतो. रोजा असेल तर खालच्या गावात इफ्तार झाला तरी वरच्यानं थांबायचं, त्याच्या डोळ्यांपुढचा सूर्य बुडेपर्यंत. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात. विमान अर्धा तास तरी लवकर येतं.

2003 च्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी फजरच्या वेळी अम्मी गेली. मी फोन लावला तेव्हा तिकडे रात्रीचे साडेतीन. "भाई, मेरे आने तक रुको," एवढंच तो बोलला. पण त्याचा पासपोर्ट मालकाकडे. देशाबाहेर पडायला परवान्याचा शिक्का हवा, शिक्क्याला मालकाची सही हवी. इकडे मे महिन्याचं ऊन आणि मय्यत लवकर उचलावी असा आमच्यात दंडक. वडीलधारे माझ्याकडे बघत होते. थोरला मी, होकार मलाच द्यायचा होता. असरनंतर आम्ही मिट्टी दिली.

तो रात्री एकच्या विमानात बसला. मुंबईत उतरला तेव्हा सकाळचे सव्वाआठ. घड्याळं सव्वासात तास पुढे गेली, हवेत तो होता पावणेपाच तास. तिथून उमरगा पाचशे किलोमीटर. आमच्या गावाला रेल्वे नाही. सामान, एस.टी. स्टँड, पुणे, सोलापूर असं करत तो घरी आला रात्री दहाला. साडेतीन हजार किलोमीटरला पावणेपाच तास आणि पाचशेला जवळजवळ चौदा.

पाणीसुद्धा न पिता तो कब्रस्तानात चला म्हणाला. बॅटरी घेऊन गेलो. फातिहा पढून झाल्यावर त्यानं विचारलं, "मिट्टी किती वाजता दिली?"

"साडेपाचला."

मनगटावरचं घड्याळ त्यानं अजून बदललं नव्हतं. त्याकडे बघत तो म्हणाला, "म्हणजे तिकडचे तीन. भाई, तेव्हा मी शिक्क्याच्या रांगेत उभा होतो."

रुकलो का नाही, हे त्यानं विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.