चाक जमिनीवर राहावे म्हणून



या व्याख्यानमालेत इतिहास, समाजकारण, संतवाङ्मय अशा विषयांवर ऐकण्याची तुम्हांला सवय आहे. आजचा विषय सायकलीचा आहे. आणि तोही साध्या सायकलीचा नव्हे, तर पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉक बसवलेल्या, डोंगरात चालवायच्या सायकलीचा. सुटे भाग जमवून ती कशी उभी करावी आणि पुढे तिच्यात कोणत्या क्रमाने सुधारणा करावी, एवढेच मी सांगणार आहे. विषय पोरकट वाटेल. परंतु अशा चांगल्या सायकलीला आज मोटारसायकलीइतके, कधी त्याहूनही अधिक, पैसे पडतात. आणि ती मागणारा बहुधा आपल्याच घरातला विशीतला मुलगा किंवा मुलगी असते. पैसा आईबापांचा आणि हाडे पोरांची, असा हा मामला असल्यामुळे त्याचा विचार चारचौघांत व्हावा हे बरे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सायकलीला शॉक कशासाठी, असे विचारले तर दहांपैकी नऊ जण सांगतील, 'बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून.' हे उत्तर अपुरे आहे. शॉकचे मुख्य काम चाक जमिनीला धरून ठेवण्याचे आहे. उतारावर चाक दगडावर आदळून हवेत उडाले, की त्या क्षणापुरता त्याचा ब्रेक निकामी होतो, आणि ते पुढचे असेल तर हँडलही निकामी होते. हवेतल्या चाकाला कोण थांबवणार आणि कोण वळवणार? म्हणून शरीराला मिळणारा आराम हा वरचा नफा. मुद्दल म्हणजे जमिनीवरची पकड. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे कोणता भाग आधी घ्यावा आणि कोणता मुळीच घेऊ नये, हे पुष्कळसे आपोआप कळते.

या विद्येचा उगम जुना आहे. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. सायकलीचे पहिले यशस्वी सस्पेन्शन तेच. आजही दगडाशी पहिली गाठ टायरचीच पडते. पुढे १९६२ साली इंग्लंडमध्ये ॲलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांच्या सायकलीला रबराचे सस्पेन्शन बसवले. पण ती सायकल रस्त्यावरची होती.

डोंगरातल्या सायकलीचा जन्म अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरीन परगण्यात झाला. तिथली तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकली जुळवून डोंगरावरच्या कच्च्या वाटेने खाली उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. तिचे नाव 'रिपॅक'. या सायकलींना पायडल उलटे फिरवून लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत मागचा हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई, आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. १९७७ साली त्यांच्यातल्याच जो ब्रीझ यांनी या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. म्हणजे ही सायकल प्रथम कारखान्यात जन्मली नाही. मोडले ते दुरुस्त करता करता आणि कमी पडले ते बदलता बदलता ती घडली.

पुढचा शॉक सुमारे बारा वर्षांनी आला. मोटारसायकलींच्या शर्यतींतला अनुभव असलेले पॉल टर्नर यांनी १९८९ च्या सुमारास 'रॉकशॉक्स' हा फोर्क आणला. आपले सायकल-मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात तोच हा फोर्क. फक्त त्याचे पाय एकात एक सरकणारे. त्या पहिल्या फोर्कची चाल दोन इंचांहून किंचित कमीच होती. तरीही १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे उताराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती ग्रेग हर्बोल्ड यांनी हाच फोर्क लावून जिंकली. त्यानंतर शंका घेणाऱ्यांचा आवाज हळूहळू कमी झाला.

आता आतली रचना पाहू. शॉकमध्ये दोन निराळी अंगे असतात. एक स्प्रिंग, ती पोलादाची असेल किंवा कोंडलेल्या हवेची असेल. दुसरे अंग डँपरचे. कचेरीच्या दारावर तेलाचे एक यंत्र बसवलेले असते. त्यामुळे दार धाडकन न आपटता सावकाश मिटते. डँपर म्हणजे तेच यंत्र. तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि धक्क्यातील शक्तीची उष्णता होते. स्प्रिंग धक्का साठवते आणि डँपर तो खर्च करतो. नुसती स्प्रिंग असेल तर सायकल चेंडूसारखी उसळत राहील. म्हणून शॉकची किंमत वाढते ती मुख्यतः डँपरपायी, हे दुकानात गेल्यावर विसरू नये.

मागच्या चाकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तिथे चाक एका हलत्या सांगाड्यावर बसते आणि हा सांगाडा तरफेप्रमाणे शॉक दाबतो. समजा, मागचे चाक १५० मिलिमीटर वर जाते आणि तेवढ्यात शॉक ६० मिलिमीटर दबतो. मग तरफेचे सरासरी प्रमाण अडीच झाले. चाकावर ५० किलोंचा भार आला तर शॉकवर सुमारे १२५ किलोंचा येतो. म्हणूनच मागच्या शॉकमध्ये हवेचा दाब टायरच्या कित्येक पट ठेवावा लागतो आणि त्याचा पंपही वेगळा असतो. शिवाय चेन मागच्या चाकाला ओढते आणि ब्रेक त्याला अडवतो. या दोन्हींचा परिणाम सांगाड्यावर होतो. मूळचे ऑस्ट्रियन आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले होर्स्ट लाइटनर यांनी मागच्या आसाच्या जरा पुढे, चेनजवळच्या नळीवर, एक सांधा दिला. त्यामुळे ब्रेक दाबला तरी सस्पेन्शन पुष्कळसे मोकळे राहते. हा सांधा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यावरून जुळणीचा पहिला नियम निघतो. फ्रेम आधी निवडावी, आणि ती आपल्या वाटांकडे पाहून निवडावी. बाकीचे सगळे भाग पुढेमागे बदलता येतात. सांध्यांची जागा बदलता येत नाही. दुसरा नियम असा की भागाच्या नावावर न जाता मापावर जावे. मापे मिलिमीटरमध्ये लिहून काढावीत, कारण इंचांची नावे फसवी आहेत. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीचे चाक '२८ इंची' म्हणून ओळखले जाते. तिच्या रिमचे, टायर जिथे बसतो तिथले, माप ६३५ मिलिमीटर असते. डोंगरी सायकलीच्या '२९ इंची' चाकाचे तेच माप ६२२ असते! म्हणजे एकोणतीस हे अठ्ठाविसापेक्षा लहान निघाले. '२७.५ इंची' चाकाचे माप ५८४ आणि '२६ इंची'चे ५५९. मागच्या हबची रुंदी पूर्वी १३५ होती; मग १४२ आली आणि २०१४ पासून १४८. शॉकची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी आणि त्याची चाल, दोन्ही आकडे फ्रेमला तंतोतंत जुळले पाहिजेत. शॉकची चाल दोन-चार मिलिमीटर अधिक घेतली तर चाक फ्रेमवर घासण्याचा संभव असतो.

जुळणी करताना सांध्यांच्या बेअरिंगांपासून सुरुवात करावी. ती हाताने गुळगुळीत फिरतात की नाही ते पाहावे आणि मगच शॉक बसवावा. प्रत्येक बोल्टसाठी किती जोर लावायचा, तो आकडा बहुधा बोल्टजवळच छापलेला असतो. तो मोजणारा पाना विकत घ्यावा. कार्बनच्या नळीवर 'अजून थोडे आवळू' ही आपली सवय महागात पडते. ब्रेकचे तेल दोन जातींचे असते, खनिज तेल आणि डॉट. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक जातो. कोणते तेल घालायचे ते बहुधा ब्रेकवरच लिहिलेले असते. ते वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

आता सुधारणेकडे वळू. सायकल उभी राहिली की मालकाला जाहिराती खुणावू लागतात. मी सांगतो तो क्रम थोडा रूक्ष आहे, पण तो खिशाला आणि हाडांना धार्जिणा आहे.

पहिली सुधारणा फुकटची. आपण नेहमीच्या कपड्यांत, पाठीवरच्या पिशवीसह सायकलीवर बसलो असता शॉक किती दबतो ते मोजावे. मागे चालीच्या २५ ते ३० टक्के आणि पुढे १५ ते २० टक्के, हा सर्वसाधारण अंदाज. मघाच्या ६० मिलिमीटरच्या शॉकला ३० टक्के म्हणजे १८ मिलिमीटर. खड्डा आला तर चाकाला खाली जाण्यासाठी जागा हवी. ती जागा म्हणजे हा आधीच दिलेला दाब. मग शॉक परत किती वेगाने उलगडतो ते पाहावे. सीटवर बसून फूटपाथवरून सावकाश उतरावे. सायकल एकदा वर येऊन स्थिर झाली म्हणजे ठीक. ती पुनःपुन्हा डोलत राहिली तर वेग कमी करावा. आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. किती तरी लोक नवा शॉक मागतात, आणि जुन्याला फक्त त्यांच्या वजनाइतकी हवा हवी असते!

दुसरी सुधारणा साफसफाईची. फोर्कच्या खालच्या नळ्यांतले तेल आणि रबरे साधारण ५० तासांच्या फिरण्यानंतर पाहावीत, अशी अनेक फोर्कची शिफारस असते. आठवड्याला सहा तास फिरणाऱ्याला हे दोन महिन्यांत येते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या तांबड्या चिखलात फिरणाऱ्याने त्याहून लवकर पाहावे.

तिसरी सुधारणा टायरची. जमिनीला लागते ते टायर. तळहाताएवढ्या त्या जागेवर बाकी सगळा खर्च उभा असतो. ट्यूब काढून आत पातळ डिंकासारखे द्रव्य घातले, की बारीक काट्याची भोके आपोआप बुजतात आणि हवा कमी ठेवता येते. मग टायर दगडाला बिलगतो. शिवाय चाक, टायर, ब्रेक हे वजन शॉकच्या खालचे. ते जितके हलके, तितके शॉक त्यांना लवकर जमिनीवर परत आणतो. म्हणून चाकातले पावशेर वजन फ्रेममधल्या पावशेरापेक्षा अधिक मोलाचे. पण ते वाचवण्यासाठी टायर पातळ घेऊ नये. फाटलेला हलका टायर काय कामाचा?

चौथी सुधारणा ब्रेकची. १६० मिलिमीटरच्या चकतीऐवजी १८० ची लावली तर त्याच बोटाच्या जोरात अष्टमांश अधिक अडवणूक मिळते; मात्र फ्रेमला आणि फोर्कला ती चालते का, हे आधी पाहावे. पाचवी सुधारणा डँपरची. आणि गियर व शोभेचे हलके भाग सर्वांत शेवटी.

गियर शेवटी का, ते सांगतो. २०१२ साली स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्र आणि मागे अकरा, अशी रचना आणली. ती उत्तम आहे. पुढचा गियर गेल्यामुळे सांधा हवा तिथे देण्याची मोकळीकही फ्रेम बनवणाऱ्यांना मिळाली. पण मागचे सर्वांत लहान चक्र दहा दात्यांचे असेल तर ते जुन्या हबवर बसत नाही. तिथे अकरा दाते ही मर्यादा. मग एका दात्यासाठी हबचा भाग बदला. तो मिळत नसेल तर हब बदला. हब बदलला की आरे नव्याने विणा. आणि इतके करायचे तर नवीन चाकच घ्या. यालाच आपल्याकडे नालासाठी घोडा घेणे म्हणतात.

दुसरा मोह लांब फोर्कचा. २० मिलिमीटर लांब फोर्क लावला की पुढचा कोन सुमारे एक अंशाने कलतो आणि पायडलेही थोडी उंचावतात. उतारावर धीर येतो, पण चढावर पुढचे चाक भरकटू लागते. आणि फ्रेमच्या मानेवर, ती ज्यासाठी बांधलेली नाही, असा ताण पडतो. बनवणाऱ्याने जी मर्यादा लिहिली असेल तिच्या आत राहावे. मान तुटते तेव्हा स्वार उतारावर असतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? तयार सायकल आणावी, तीन वर्षांनी विकावी. हिशेबाने हे पुष्कळदा खरेही आहे. सुटे भाग एकेक घेतले तर एकूण किंमत बहुधा तयार सायकलीपेक्षा अधिक होते. पैसे वाचवण्यासाठी जुळणी करा, असे मी सांगणार नाही. परंतु बाजार मापे बदलत राहणार. २६ इंची चाक बाजूला पडले, हबच्या रुंद्या बदलल्या. प्रत्येक वेळी चांगली चालणारी सायकल मालकाला एकाएकी जुनी वाटू लागली. ज्याने आपली सायकल स्वतःच्या हाताने उघडली आहे, त्याला जुनी कोणती आणि निकामी कोणती, यांतला भेद कळतो. डोंगराच्या आडवाटेवर खडखड ऐकू आली तर ती कोणत्या सांध्याची, हे त्याला उमगते, आणि उतार सुरू होण्याआधी तो थांबतो. त्या थांबण्याची किंमत कुठल्याही यादीत छापलेली नसते.

म्हणून घरातल्या मुलाने अशी सायकल मागितली तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. त्याला विचारा, शॉक कशासाठी? त्याने 'चाक जमिनीवर राहावे म्हणून' असे उत्तर दिले, तर त्याच्या हाती पाने द्या आणि एक वही द्या. पुढचा हिशेब तो नीट करील.