एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर नॉर्मल?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा शांतपणे ऐका.

माझ्या मामांना लिव्हर सिरॉसिस आहे आणि त्यांची फाईल माझ्याकडे असते. रिपोर्टची पीडीएफ आली की फॅमिली ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला, "एसजीपीटी किती?" नॉर्मल म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात! पण या आजारात तो एकटा आकडा पुरत नाही.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींमधली एन्झाइम्स आहेत. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात. सिरॉसिसमध्ये चांगल्या पेशींची जागा कडक, व्रणासारख्या तंतूंनी घेतलेली असते. झिरपायला पेशीच कमी उरतात. म्हणून हे आकडे नॉर्मल दिसत असतानाही आजार पुढे सरकलेला असू शकतो.

मग बघायचं काय? लिव्हर काम किती करतंय ते. अल्ब्युमिन हे प्रोटीन लिव्हरच बनवतं. ते साधारण ३.५ च्या खाली जायला लागलं की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर येऊन पायांना सूज येते, पोटात पाणी साठायला हातभार लागतो. बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात. आयएनआर साधारण १ असतो. रक्त पातळ करायची गोळी चालू नसताना तो वाढत गेला, तर रक्त गोठवणारे घटक कमी पडतायत असं समजायचं.

आणि प्लेटलेट्स! दीड लाखाच्या खाली गेल्या की आपल्याला आधी डेंग्यू आठवतो. पण सिरॉसिसमध्ये लिव्हरकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स तिथे अडकून पडतात.

आता रिपोर्टमध्ये न दिसणारी गोष्ट. माणूस दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा राहतो. सही वेडीवाकडी येते. हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात. घरचे म्हणतात, "वय झालं आता." पण लिव्हरला अमोनियासारखे विषारी पदार्थ साफ करता आले नाहीत, की मेंदूवर असा परिणाम होतो. बद्धकोष्ठता किंवा इन्फेक्शन झालं की हे आणखी बिघडतं. म्हणूनच डॉक्टर लॅक्टुलोज देतात आणि दिवसाला दोन-तीन वेळा पोट साफ होतंय का, ते विचारतात.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. थेट इमर्जन्सी गाठा.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर एवढं करा. फोनच्या नोट्समध्ये तारखेनुसार बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन, प्लेटलेट्स आणि वजन लिहीत जा. एका रिपोर्टपेक्षा सहा महिन्यांची चढ-उतार डॉक्टरांना जास्त सांगते. वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढलं तर ते बहुतेक पाणी असतं, फोन करा. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मनानं देऊ नका. पापड-लोणचं ताटाबाहेर ठेवा, पण डाळ-अंडी मनानं बंद करू नका. या आजारात स्नायू झडतात, प्रोटीन लागतं. आणि दारू, एक घोटही नाही.

हा एपिसोड ऐकून झाला की फॅमिली ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी तिथे कुणीतरी विचारू दे, "अल्ब्युमिन किती?"

काळजी घ्या, भेटूच!