जोडीनें डोंगरांत

पुणें सोडून सातारच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें आणि कात्रजचा घाट व खेड-शिवापूर मागें पडलें, म्हणजे नसरापूरच्या परिसरांत भोर तालुक्यांतील कामथडी हें गांव लागतें. भरधाव जाणाऱ्या मोटारींतील प्रवाशांचें तिकडे लक्षही जात नाहीं. परंतु शनिवारीं सकाळीं पाठीवर शिधा बांधून निघालेल्या मंडळींस हा टापू चांगला परिचित आहे. नसरापुरावरून रस्ता पश्चिमेस जातो आणि पुढें राजगड व तोरणा उभे राहतात. १९४८ सालीं विलीन झालेल्या भोर संस्थानांत हे दोन्ही किल्ले मोडत असत. आज सुटीच्या दिवशीं तेथें शहरांतील मित्रमंडळींचे मेळे येतात, आणि त्यांत नवराबायकोच्या जोड्याही पुष्कळ असतात.

‘जोडीनें’ हा शब्द मराठी घराला जुनाच आहे. सत्यनारायणाला जोडीनें बसावयाचें, कुलदैवताला जोडीनें जावयाचें. शेजारच्या पुरंदर तालुक्यांत जेजुरीस नवरदेव नवरीला उचलून पांच पायऱ्या चढतो. त्या रिवाजांत कौतुक आहे, मौजही आहे. परंतु राजगडाची चढण पांच पायऱ्यांची नाहीं. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट धरली, तर शेवटच्या टप्प्यांत खडकाला हात लावून चढावें लागतें. तेथें कोणी कोणाला उचलून नेऊं शकत नाहीं. फार तर वरून हात द्यावा, आणि तो घेणारानें आपला पाय आपणच रोवावा.

खरा प्रश्न मात्र त्याआधीं, शुक्रवारीं रात्रीं घरांतच उभा राहतो. तो म्हणजे ओझ्याच्या वांटणीचा. तंबू कोणाच्या पिशवींत, तांदूळ-डाळ कोणाच्या, पाणी किती? पुष्कळ नवरे सगळें जड सामान आपल्या पाठीवर घेतात. हेतु चांगला असतो. पण त्यामुळें बायको त्या सहलींत पाहुणी होते. उलट, तोलून समसमान वांटणी करणें हाही न्याय नव्हे. अंगच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या हिशेबानें दोघांचीं ओझीं निराळीं होतील, परंतु झेपण्याच्या मानानें सारखीं ठरतील. संसारांतील कामांची वांटणी इतक्या उघडपणें मांडण्याचा प्रसंग शहरांतील घरांत क्वचितच येतो. दोघेंही मिळवतीं असतात. आठवडाभराचें संभाषण बिलें, भाजी आणि मुलांची शाळा यांतच संपतें. कोणाच्या पाठीवर किती भार आहे, हें दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाहीं. डोंगरांत तें दर पावलाला दिसतें.

चालण्याचाही एक नियम आहे. ज्याची चाल मंद, त्याच्या चालीनें सगळ्यांनीं चालावें. तोरणा हा पुणें जिल्ह्यांतील सर्वांत उंच किल्ला, सुमारें १,४०० मीटरांचा. त्याच्या बुधला माचीवरून उतरून डोंगरधारेनें राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाणारी वाट दिवसभर पुरते. पावसाळ्यांत तेथें धुकें असें उतरतें कीं दहा हातांवरचा मनुष्य दिसूं नये. अशा वेळीं एकानें “परत फिरूं या” म्हटलें, तर दुसऱ्यानें काय करावें? मित्रांसमोर हंसें होईल या भीतीनें पुढें रेटणारे पुष्कळ असतात. पण भ्यालेल्या माणसाला त्या धारेवरून ओढून नेण्यांत पुरुषार्थ कसला? चांगली मंडळी त्या शब्दाचा मान राखून परत फिरतात. ज्या जोडप्यांत हा शब्द निःसंकोच उच्चारतां येतो आणि ऐकलाही जातो, त्यांनीं मोठीच कमाई केली म्हणावयाची.

बरोबर मित्र असणें यासाठींही इष्ट असतें. घरांत मुकाट असणारा नवरा चुलीपाशीं गोष्टी सांगूं लागतो. बायको मोठ्यानें हंसते. आणि ओळखीचें माणूस परस्परांना नव्यानें दिसतें. मात्र मुक्कामावर पोंचतांच पुरुष पाय पसरून बसले आणि बायका कांदा चिरूं लागल्या, तर शहरांतलें स्वयंपाकघरच गडावर आणल्यासारखें झालें!

राजगड सुमारें पंचवीस वर्षें राजधानी होता, हें सर्वांस ठाऊक असतें. पण तो एक संसारही होता. सईबाई १६५९ सालीं येथेंच निवर्तल्या, तेव्हां संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. १६७० सालीं राजारामांचा जन्म याच गडावर झाला. पद्मावती माचीवर तळ्याच्या आणि देवळाच्या परिसरांत सईबाईंची समाधि आहे. तटबुरूज पाहून भराभर फोटो काढणाऱ्या जोड्यांनीं तेथें घटकाभर थांबावें. राज्य उभें राहत असतां त्याच्या मागें एक घरही उभें होतें, हें तेथें कळतें.

रविवारीं उतरल्यावर पायथ्याच्या घरांत पिठलें-भाकरी आणि ताक मिळतें. त्याचे पैसे घासाघीस न करतां द्यावे, आपला कचरा आपल्याच पिशवींतून परत न्यावा, हा पाहुणचाराचा साधा धर्म होय. सोमवारीं पिशव्या खुंटीला लागतात, पाय मात्र दोन दिवस दुखत राहतात. तेवढ्या काळांत संध्याकाळीं दमून घरीं आलेल्याला “आज तुझें ओझें किती?” एवढें दुसऱ्यानें विचारलें, तरी गडाची फेरी सार्थकीं लागली.