वकीलपत्रावरचं दुसरं तिकीट



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. तरी किनवटला या विषयावर बोलायला उभा आहे, कारण आमच्या घरानं अशील म्हणून मार खाल्लाय. माझ्या मामूंचा जमिनीचा दावा होता. दर वेळी ते वकिलाला पैसे देत आणि ‘पुढची तारीख पडली’ एवढं ऐकून घरी येत. एक दिवस मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस शोधली. गैरहजेरीमुळे दावा केव्हाच खारीज झाला होता. मामूंनी एकच विचारलं, “बेटा, पैसे वापस कौन देगा?”

या प्रश्नाचं उत्तर मी कायद्यात शोधलं. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल ताकीद देते, निलंबित करते किंवा सनद काढून घेते. पण अशिलाचं नुकसान भरून देण्याची तरतूद त्या शिक्षांमध्ये नाही. लखीमपूरच्या एका वृद्ध, निरक्षर माणसाचा भूसंपादनाचा मोबदला, 8,118 रुपये, त्याच्या वकिलानं 1987 मध्ये कोर्टातून उचलला आणि स्वतःकडेच ठेवला. वर तडजोडीचं खोटं प्रतिज्ञापत्र दिलं. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये त्याला वकिलीतून कायमचं काढलं. शिक्षा योग्यच, पण मधे पंधरा वर्षं गेली.

ग्राहक मंचाचा सोपा रस्ताही आता नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 14 मे 2024 रोजी ठरवलं. उरतो दिवाणी दावा किंवा विश्वासघाताची फौजदारी तक्रार. म्हणजे एका वकिलानं बुडवलेले पैसे काढायला दुसऱ्या वकिलाची फी भरा!

याला दुसरा मार्ग आहे. न्यूझीलंडनं 1929 मध्येच वकिलांच्या वर्गणीतून निधी उभा केला. न्यूयॉर्कमध्ये 1982 पासून असा निधी आहे. वकिलानं अशिलाचा पैसा खाल्ला, तर तो निधी 4 लाख डॉलरपर्यंत भरपाई देतो. पैसा येतो वकिलांच्या नोंदणी शुल्कातून. प्रामाणिक वकिलांनी का भरावं? कारण लोकांचा विश्वास हेच त्यांचं भांडवल आहे.

आपल्याकडे अशी यंत्रणा अर्धी तयारच आहे. महाराष्ट्रात 1981 पासून वकील कल्याण निधीचा कायदा आहे. वकीलपत्रावर त्या निधीचं तिकीट लागतं. ते असावंच. वकिलाच्या घरावरही संकट येतं. पण त्याच कागदावर अशिलासाठी दुसरं तिकीट का नसावं? ही मागणी आपण आमदारांकडे आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे लेखी करू. आपल्या तालुक्यातले चांगले वकीलही सही करतील, अशी मला खात्री वाटते.

तोवर स्वतःला जपा. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. पैसे घेण्याचा आणि तडजोड करण्याचा अधिकार त्यात लिहिलेला असतो, तो वाचा. नको असेल तर सहीआधीच वकिलाशी बोला. फी ऑनलाइन किंवा चेकनं द्या, रोख दिली तर पावती घ्या. मोबदला थेट स्वतःच्या खात्यात मागा. केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा आणि तारखा स्वतः पाहा. वकिलाकडून हिशेब मागणं हा उद्धटपणा नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी दिलेला हक्क आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

आणि आज घरी गेल्यावर आपल्या अब्बांचा, खालांचा, शेजारच्या काकांचा एक तरी खटला मोबाइलवर उघडून बघा. आमच्या घरात मी ते पाच वर्षं उशिरा केलं. मामूंना अजून उत्तर देता आलेलं नाही.