मुंबईत उतरायचं कुठे?



मांडवी एक्सप्रेस (नाव गोव्याच्या नदीचं, पण आपण ती आपलीच मानतो!) सीएसएमटीला पोचते रात्री. आपल्या वडीलमंडळींना गिरणगावात गाववाल्यांची खोली असे. वळकटी पसरली की झालं. त्यातल्या बऱ्याच खोल्या आता गेल्या. नातेवाइकांच्या वनरूम-किचनमध्ये शिरायला संकोच वाटतो, आणि लॉजवर उतरणं कमीपणाचं वाटतं. अहो, आपले लोकमान्य मुंबईत सरदारगृहातच उतरत. तेही लॉजच होतं.

कन्फर्म तिकीट असेल तर स्टेशनातली रिटायरिंग रूम आधीच बुक करा. लॉज घेतलंत तर पैसे देण्यापूर्वी खोली बघा. चादर उचला, संडासातला नळ सोडा. मॅनेजर तोंड वाकडं करील, करू दे.

टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांचं मात्र एका रात्रीत भागत नाही. राहायची सोय नाही म्हणून उपचार लांबवणारे आपल्यातही आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे पेशंट आणि सोबतच्या माणसाची अल्प दरात सोय होते. पण जागेसाठी थांबावं लागतं. म्हणून केसपेपर निघाला की त्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा.

आणि तोवर पहिल्या दोन-चार रात्री आमच्या डोंबिवलीच्या घरी या. गादी जमिनीवर, पण धुतलेली चादर मिळेल.